स्ट्रासबर्गचा विद्यार्थी

कालिदासाच्या शाकुंतलाची थोरवी गाणारा जर्मन कवि म्हणून गटे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तें नाटक डोक्यावर घेऊन तो नाचला, ही आख्यायिकाच. १७९१ सालीं जर्मन भाषांतर वाचून त्यानें स्तुतिपर चार ओळी लिहिल्या, एवढें खरें. परंतु त्याच्या एकवीस वर्षें आधीं, गटेला कवि म्हणून कोणी ओळखत नव्हतें तेव्हां, एका परमुलखांतील इमारतीनें त्याला असेंच वेड लावलें होतें.

१७७० च्या एप्रिलांत वीस वर्षांचा गटे स्ट्रासबर्गला आला तो कायद्याची पदवी घेण्यासाठीं. लाइप्झिगचा अभ्यास आजारपणामुळें अर्धवट सोडून तो घरीं परतला होता, आणि मुलानें वकील व्हावें हा वडिलांचा आग्रह कायम होता. स्ट्रासबर्ग हें र्‍हाईन नदीजवळचें शहर. सामान्य लोकांची भाषा जर्मन, पण १६८१ सालीं चौदाव्या लुईनें तें घेतल्यापासून अंमल फ्रेंचांचा. शहरांत पाऊल ठेवतांच गटे तडक गेला तो तेथील कॅथीड्रलकडे, म्हणजे मुख्य प्रार्थनामंदिराकडे. तांबूस वालुकाश्माच्या या मंदिराचा कळस १४३९ मध्यें पुरा झाला. त्याची उंची १४२ मीटर. गटेच्या काळीं पृथ्वीवर याहून उंच इमारत नव्हती.

त्या पिढीच्या सुशिक्षितांत ‘गॉथिक’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा होता. ओबडधोबड, अस्ताव्यस्त, रानटी, जें जें अभिरुचीस पटत नसे तें तें गॉथिक. गटेही हीच समजूत घेऊन आला होता. समोर उभा राहिला मात्र, आणि ती समजूत ढासळली. सहस्रावधि बारीक नक्षीकामें, पण एकही सुटें वाटेना. झाडाच्या फांद्या व पानें एकाच खोडाचीं असावींत तसा सारा दगड एकजीव. तो पहाटे येई, संध्याप्रकाशांत येई, दूर जाऊन पाही, जवळ येऊन पाही. कायद्याच्या व्याख्यानांना तो किती वेळ बसला, हें विचारूं नये.

उंचीवर गेलें कीं त्याला घेरी येई. तिच्यावर त्यानें योजलेला उपाय कोणा वैद्यानें सांगितला नव्हता. कळसाच्या अगदीं वरच्या भागांत एकटाच चढून तो पाव तास बसून राही, मग हातभर रुंदीच्या उघड्या जागेवर, धरावयास कांहीं नसतां, उभा राही. हा क्रम त्यानें भीति जाईपर्यंत चालविला.

त्याच वर्षीं मे महिन्यांत चौदा वर्षांची मारी आंत्वानेत फ्रान्सची सून होऊन या वाटेनें गेली. तिच्या स्वागतासाठीं नदीतील बेटावर उभारलेला मंडप गटेनें आधींच जाऊन पाहिला. मुख्य दालनांत जेसन व मेडिआ यांच्या कथेचीं विणलेलीं चित्रें टांगलेलीं. म्हणजे जगांतील अत्यंत अमंगळ विवाहाची कथा! नववधूच्या दृष्टीस प्रथम हें पडावें? तो मोठ्यानें संतापून बोलूं लागला, तेव्हां चित्रांचा अर्थ कोण पाहतो, म्हणून सोबत्यांनीं त्याला गप्प केलें. ही राणी १७९३ सालीं शिरच्छेदानें मेली.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं शहरांत राहिलेला हेर्डर त्याला येथेंच भेटला. पांच वर्षांनीं वडील, जिभेचा तिखट. पण होमर, शेक्सपिअर आणि खेड्यांतील लोकगीतें यांचा नाद त्यानेंच गटेला लावला. गटे आल्सेसमधील म्हातार्‍यांकडून गीतें उतरवून आणूं लागला.

जातां जातां एक प्रसंग घडला. मनोरा अपुरा राहिला आहे, मधल्या कळसाभोंवतीं आणखी चार लहान शिखरें असावयाचीं होतीं, असें गटे एका बैठकींत म्हणाला. हें तुम्हांस कोणीं सांगितलें, असें एकानें विचारतां, मनोर्‍यानेंच, असें त्यानें उत्तर दिलें. विचारणारा गृहस्थ त्या इमारतीची देखरेख करणारा अधिकारी होता. मूळ नकाशांत असेंच आहे, असें तो म्हणाला! पुस्तकावांचून दगड वाचावयास हा विद्यार्थी इतका शिकला होता.

ऑगस्ट १७७१ मध्यें पदवी घेऊन तो परतला. पुढच्याच वर्षीं त्यानें या मंदिराच्या मुख्य दर्शनी भागाचा शिल्पी म्हणून प्रसिद्ध असलेल्या एर्विनच्या स्मृतीस वाहिलेला निबंध छापला. येथें मात्र तो चुकला. ही कला जर्मनांची, इटालियन अथवा फ्रेंच यांना असलें कांहीं साधलें नाहीं, असें त्यानें त्वेषानें लिहिलें. वास्तविक ही शैली बाराव्या शतकांत पॅरिसजवळ सँ-दनी येथें आकारास आली. ज्यानें दगडाचें मनोगत ओळखलें, त्याला दगडाचें कूळ ओळखतां आलें नाहीं. निबंध भावनेनें पेटलेला होता. तो लोकांस आवडला, आणि त्याबरोबर ही चूकही पसरली.

शहराचें पुढें काय झालें? १८७० च्या ऑगस्टांत जर्मन तोफांनीं तेथील जुनें ग्रंथालय हस्तलिखितांसह जाळलें. जर्मन कलेचें म्हणून गाजलेल्या त्या मंदिराचें छप्परही पेटलें. शहर १८७१ मध्यें जर्मनीकडे गेलें, १९१८ मध्यें फ्रान्सकडे, १९४० मध्यें पुन्हां जर्मनीकडे. मंदिरावर फ्रेंच निशाण फडकेपर्यंत शस्त्र खालीं ठेवणार नाहीं, अशी शपथ सेनापति लक्लेर यानें १९४१ सालीं आफ्रिकेच्या वाळवंटांत घेतली, आणि २३ नोव्हेंबर १९४४ रोजीं तें निशाण कळसावर चढलें.

जर्मन अमदानींत, १९०४ सालीं, विद्यापीठासमोर तरुण गटेचा पुतळा बसविला होता. अंमल फ्रेंचांचा आहे, पण तो विद्यार्थी अद्याप तेथेंच उभा आहे.