मोर कोण मोजतं? बीडच्या जंगलाची आणि वनरक्षकाच्या वहीची गोष्ट

बीडमध्ये जंगल आहे असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. दुष्काळ आणि ऊसतोड याच्या पलीकडे बीडचं नाव त्यांच्या कानावर पडलेलंच नसतं. तसं त्यांचं अगदीच चुकत नाही म्हणा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर, आणि त्यात जंगल तीन टक्क्यांपेक्षाही कमी. पण पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात, नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झालं. आकार लहान, सुमारे ३० चौरस किलोमीटर. काटेरी झुडपं, उघडे माळ, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे आणि मोर.

आता मला सांगा, तिथे मोर किती आहेत हे सरकारला कसं कळतं? कुणीतरी मोजतं म्हणून. आजचा भाग त्या ‘कुणीतरी’चा इतिहास आहे.

सरकारी कागदात त्याला वनरक्षक म्हणतात, गावात ‘गार्ड’. खात्याच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात, एका तुकड्याला बीट म्हणतात, मराठीत नियतक्षेत्र. एक बीट, एक गार्ड. त्याच्या वर वनपाल, त्याच्या वर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ, आणि पुढे मोठे साहेब. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: मंत्रालयातल्या स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक आकड्याची पहिली डेटा एंट्री हा माणूस करतो. पायी चालून.

पण हे पद मोर मोजायला तयार झालंच नव्हतं. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरसाठी, जहाजांसाठी लाकूड पाहिजे होतं. १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसाच्या हाताखाली वनखातं सुरू झालं. १८७८ चा कायदा आला आणि राखीव जंगल ही भानगड पक्की झाली. म्हणजे कालपर्यंत जिथे गुरं चारायची, सरपण आणायचं, तिथे आज गेलं की गुन्हा. आणि तो गुन्हा नोंदवणारा कोण? गार्ड. त्याच्या वहीत तेव्हा दोनच गोष्टी असायच्या: झाडं किती आणि चोर किती.

लोकांना हे किती झोंबलं होतं ते महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दिसतं. १८८३ साली लिहिलेल्या त्या पुस्तकात त्यांनी जंगलखात्याला सोडलेलं नाही. पुढे १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला.

आपलं बीड मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राज्य वेगळं, पण शेतकऱ्याचं दुखणं तेच. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात मराठवाड्यात शिंदीची झाडं तोडण्याचं आंदोलन झालं, कारण शिंदीच्या महसुलावर सरकारी तिजोरी भरायची. झाड म्हणजे सरकारचा पैसा, हे दोन्ही बाजूंना नीट माहीत होतं!

चित्र बदललं ते स्वातंत्र्यानंतर. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्याला आता जिवंत प्राण्यांचा हिशेब ठेवायचा होता. आणि इथे एक अडचण आहे. सागाचं झाड उद्या तिथेच उभं असतं. मोर उभा राहत नाही.

मग मोजायचं कसं? महाराष्ट्रातली ओळखीची पद्धत म्हणजे बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना. मे महिन्याच्या आसपास, कडक उन्हाळ्यात, पाणवठ्याजवळ मचाण बांधायचं आणि रात्रभर चांदण्यात बसून पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर लिहायचं. मोर दिवसाचा पक्षी, तो सकाळ-संध्याकाळ पाण्यावर येतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण तोच मोर दोनदा आला तर? दोन पाणवठ्यांवर तोच दिसला तर?

याहून मोठी गंमत पुढे आहे. समजा एका वर्षी भयंकर दुष्काळ पडला. ओढे-नाले आटले, दोनच पाणवठे उरले. सगळी जनावरं तिथेच येणार, आकडा फुगणार. दुसऱ्या वर्षी गणनेच्या आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला. खड्ड्या-खड्ड्यांत पाणी साचलं. पाणवठ्यावर कशाला कोण येतंय? आकडा पडणार. म्हणजे वाईट वर्षात प्राणी ‘वाढले’ आणि बऱ्या वर्षात ‘घटले’! बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाचा काही भरवसाच नाही, तिथे नुसता आकडा धडधडीत खोटं बोलू शकतो.

तो खरा कधी होतो? जेव्हा शेजारी एक ओळ असते: ‘काल पाऊस झाला, ओढ्याला पाणी आहे.’ ती ओळ फक्त बीटवर रोज चालणारा माणूसच लिहू शकतो. माझ्या दृष्टीने त्याच्या वहीतली सगळ्यात किमती गोष्ट हीच.

ही ओळ कुणी वाचली नाही तर काय होतं? त्यासाठी जरा राजस्थानात जाऊ, कारण देशातला सगळ्यात मोठा धडा तिथे मिळाला. आधी वाघ ठशांवरून मोजायचे. ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी ही पद्धत आणली: मातीतल्या पंजाच्या ठशावर काच ठेवायची आणि आकार उतरवून घ्यायचा. १९७२ च्या देशव्यापी गणनेत असे १,८२७ वाघ निघाले. सरिस्का व्याघ्र प्रकल्पात अधिकृत आकडा वर्षानुवर्षं पंचवीसच्या आसपास होता. २००४ मध्येही कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. आणि २००५ च्या सुरुवातीला कळलं की तिथे एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते.

मग केंद्राने नेमलेल्या टास्क फोर्सने जुनी दप्तरं उघडली. त्यात काय दिसलं? खालच्या कर्मचाऱ्यांनी प्रत्यक्ष वाघ पाहिल्याच्या नोंदी १९९८ नंतर झपाट्याने कमी होत गेल्या होत्या. जवळपास शून्यावर आल्या होत्या. म्हणजे चालणाऱ्यांच्या वहीत खरं लिहिलेलं होतं. वरचा आकडा मात्र हलला नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, लॉगमध्ये एरर ओरडतोय आणि डॅशबोर्ड हिरवा आहे.

त्यानंतर पद्धत बदलली. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्र आलं. २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्पांसाठी एम-स्ट्राइप्स नावाची प्रणाली आली, गार्ड कुठून कुठे चालला ते जीपीएसवर दिसतं. चांगलंच आहे. पण चालायला माणूस लागतोच. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदवताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. आकड्याची किंमत कधी कधी एवढी असते.

आणि हे फक्त वाघाच्या जंगलात घडतं असं समजू नका. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली. लोक शेतात जायला घाबरत होते, ज्वारी उभी होती. तेव्हा शेताशेतांत ठसे शोधत फिरले ते वनकर्मचारीच. डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत ‘माझ्या बांधावर ठसा दिसला’ हा शेतकऱ्याचा एक फोन लाखमोलाचा होता.

इथेच दीडशे वर्षांचा गुंता आहे बघा. ज्या गार्डने शेळ्या चारल्या म्हणून दंड केला, त्यालाच गुराख्याकडून खबर हवी असते. नायगावच्या आसपासही तेच. मोर पेरलेलं बी उकरून खातो, शेतकरी वैतागतो, आणि मोराला हात लावला तर कायदा आडवा येतो. मोर कुठे मेला, कुठल्या विहिरीत पडला, हे पहिल्यांदा गावालाच कळतं. गावाचा गार्डवर विश्वास नसेल, तर ती बातमी वहीत येतच नाही. मग ॲप कितीही भारी असू दे.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक अभयारण्यात मोर वाढले’ अशी बातमी मोबाईलवर आली, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. त्या वर्षी पाऊस कसा होता? आणि मोजायला कोण चाललं होतं? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक बातमीत नसेल. पण तुमच्या तालुक्यात ते उत्तर देणारा माणूस आहे, खाकी कपड्यातला. भेटला तर बोला त्याच्याशी, वहीत मावत नाही एवढं त्याला माहीत असतं.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्या गावाजवळ मोर दिसतात का, पाणवठे कुठे उरलेत, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!