तंजावरच्या राजपुत्राचे गुरू : ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातील जुन्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवरील वृद्ध धर्मोपदेशकाचा हात एका मराठा राजाने आपल्या हाती घेतला आहे, असे त्यातील दृश्य. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून हे स्मारक राजाने स्वतः करवून घेतले आणि आपल्या गुरूच्या गौरवार्थ इंग्रजीत पद्यही रचले. राजा म्हणजे तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी आणि धर्मोपदेशक म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्‌झ.

श्वार्ट्‌झ यांचा जन्म १७२६ मध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतातील सोनेनबुर्ग येथे झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. आईचे छत्र लहानपणीच हरपले. मुलाला ईश्वरसेवेसाठी वाढवावे, ही तिची अखेरची इच्छा होती. शिक्षणासाठी ते हाले येथे गेले. हे शहर म्हणजे पायटिस्ट पंथाचे केंद्र. कोरड्या धर्मशास्त्रीय वादापेक्षा अंतःकरणातील भक्ती आणि प्रत्यक्ष सेवा यांना महत्त्व देणारा हा प्रॉटेस्टंट सुधारणाप्रवाह. या पंथाचे धुरीण ऑगस्ट हेरमान फ्रांके यांनी १६९५ पासून हाले येथे गरिबांच्या मुलांसाठी शाळा, अनाथगृह आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था उभी केली होती. धर्मोपदेशकाने आधी शाळा काढावी आणि लोकांच्या भाषेत शिकवावे, हा संस्कार श्वार्ट्‌झ यांनी तेथूनच घेतला. भारतातून परतलेले मिशनरी बेंजामिन शुल्त्से यांच्याकडे त्यांनी तमिळचे धडेही तेथेच गिरवले.

कोपनहेगन येथे दीक्षा घेऊन १७५० मध्ये ते डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात पोहोचले. हालेच्या शिष्यांनी १७०६ मध्ये तेथे मिशनचा पाया घातला होता. पुढे श्वार्ट्‌झ त्रिचनापल्लीस गेले आणि १७७८ पासून तंजावरला स्थायिक झाले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापन केलेल्या या राज्याच्या दरबारात मराठीचा वावर होता. तमिळ, फारसी, हिंदुस्तानी आणि पोर्तुगीज या भाषांसोबत श्वार्ट्‌झ यांनी मराठीही आत्मसात केली.

त्यांच्या निःस्पृहतेची ख्याती दूरवर पसरली होती. १७७९ मध्ये कंपनीने त्यांना श्रीरंगपट्टण येथे हैदरअलीकडे बोलणीसाठी पाठवले. हैदरने प्रवासखर्चासाठी दिलेले ३०० रुपये त्यांनी स्वतःकडे न ठेवता कंपनीकडे जमा केले आणि पुढे ती रक्कम तंजावरच्या धर्मार्थ शाळेच्या कामी आली. हैदरच्या स्वारीनंतर दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी आधीच साठवलेल्या तांदळाने अनेकांचे प्राण वाचवले.

१७८५ च्या सुमारास तंजावरचे रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या साहाय्याने त्यांनी तंजावर, रामनाड आणि शिवगंगा येथे स्थानिक मुलांसाठी इंग्रजी शाळांची योजना राबवली. कंपनीच्या संचालकांनी अशा प्रत्येक शाळेसाठी वार्षिक २५० पगोडा मंजूर केले. मुलांना फसवून धर्मांतरित करण्याचा मार्ग श्वार्ट्‌झ यांना अमान्य होता. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हे मात्र त्यांचे जीवितकार्य होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

१७८७ मध्ये तुळजाजीराजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले आणि त्यांचा सांभाळ करण्याची विनंती श्वार्ट्‌झ यांना केली. श्वार्ट्‌झ यांनी ही जबाबदारी राजांचे बंधू अमरसिंह यांच्यावर सोपवण्याचा सल्ला दिला. हा सल्ला मुलाला महागात पडला. दत्तकविधान अशास्त्रीय ठरवण्यात येऊन अमरसिंह गादीवर बसले आणि सरफोजींना नजरकैदेत ठेवण्यात आले. त्यांच्या शिक्षणाचीही हेळसांड होऊ लागली. श्वार्ट्‌झ यांनी कंपनीकडे सतत पाठपुरावा केला. १७९३ मध्ये राजपुत्राला मद्रासला हलवण्यात आले आणि तेथे विल्हेल्म गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू झाले. दत्तकविधानाचा फेरविचार होऊन पंडितांनी ते वैध ठरवले. सरफोजी जून १७९८ मध्ये गादीवर आले. मात्र तो दिवस श्वार्ट्‌झ यांना पाहता आला नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे त्यांचे निधन झाले होते.

या गादीची किंमत मोठी होती. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, भोवतालचा मुलूख आणि तनखा एवढेच उरले. शिष्याच्या हक्कासाठी श्वार्ट्‌झ ज्या कंपनीकडे दाद मागत होते, त्याच कंपनीने शिष्याचे राज्य घेतले.

सत्ता गेली तरी शिक्षण उरले. सरफोजींनी नवविद्याकलानिधी शाळा स्थापन केली आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना सुरू केला. इसापच्या कथांचा ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद तेथेच छापला गेला. मुद्रित मराठी पुस्तकांच्या इतिहासात हा प्रयत्न अगदी आरंभीचा मानला जातो. पेशवाई अस्तास जाण्यापूर्वीच कावेरीकाठी मराठी मुलांसाठी छापील पुस्तक तयार झाले होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार, वैद्यकातील प्रयोग आणि नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ही सरफोजींची कामेही सर्वज्ञात आहेत.

सरफोजी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यांनी काशीयात्रा केली आणि बृहदीश्वर मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. गुरूचा धर्म शिष्याने स्वीकारला नाही आणि त्यामुळे दोघांमधील जिव्हाळा उणावलाही नाही. शिष्याने गुरूकडून घेतली ती शाळा आणि ती त्याने आपल्या भाषेत चालवली. शिवगंगा किल्ल्यातील ते शिल्प या नात्याची साक्ष देत आजही उभे आहे.