पाश्चात्य सूफी संप्रदायांचें वर्गीकरण व बडोद्याचा एक दाखला

युरोप-अमेरिकेंत गेल्या सुमारें शंभर वर्षांत जे सूफी संप्रदाय रुजले त्यांची वर्गवारी कशी लावावी, हा तिकडील पंडितांपुढें मोठाच प्रश्न होऊन बसला आहे. मार्सिया हर्मनसेन ह्या विदुषीनें १९९७ सालीं अमेरिकेंतील सूफी चळवळींस बागेची उपमा देऊन त्यांचे ‘संकरित’ व ‘बारमाही’ असे दोन वर्ग कल्पिले. इस्लामशीं नातें राखून अमेरिकेंतील मातींत वाढलेले ते संकरित. सर्व धर्मांचें सार एकच मानून शरीयतीचा आग्रह न धरणारे ते बारमाही. पुढें मुळासकट आणून लावलेल्या रोपांचा तिसरा वर्गही त्यांनीं जोडला. ॲलन गॉडलस हे इस्लामी, अर्धइस्लामी व इस्लामेतर अशी विभागणी करितात.

हीं कोष्टकें उपयोगी खरीं. परंतु रुमालावरील चिठ्ठी वाचून आंतील सर्व कागद एकाच सालचे समजावे, तसा कांहींसा प्रकार त्यांत होतो, असें आम्हांस वाटतें.

इनायतखान ह्यांचेंच उदाहरण घेऊं. हे १८८२ सालीं बडोद्यास आपल्या मातामहांच्या घरीं जन्मले. मातामह म्हणजे सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८८६ मध्यें गायनशाळा काढणारे प्रसिद्ध मौलाबक्ष. पुढें हैदराबादेस सैयद अबू हाशिम मदनी ह्यांजकडून इनायतखानांस चिश्ती परंपरेची दीक्षा मिळाली. १९१० च्या सप्टेंबरांत ते अमेरिकेस निघाले ते गवई म्हणून. गुरु म्हणून ओळख मागाहूनची. शिष्यांनीं मुसलमान व्हावें अशी अट त्यांनीं घातली नाहीं, म्हणून कोष्टकांत ते ‘बारमाही’ ठरतात. परंतु १९२७ सालीं ते दिल्लींत वारले व निजामुद्दीन अवलियांच्या दर्ग्यानजीक त्यांची कबर झाली; तेथें उरूसही भरतो. पुत्र विलायतखान (१९१६–२००४) व नातू झिया ह्यांच्या हातीं आलेल्या शाखेनें २०१६ सालीं ‘इनायती’ हें नांव घेतलें, म्हणजे सिलसिल्यास संस्थापकाचें नांव देण्याची जुनीच रीत पत्करली. ह्या शाखेस कोणत्या खणांत घालावें?

उलट दिशेचाही दाखला आहे. सिंहलद्वीपांतील बावा मुहैयद्दीन ह्यांच्याभोंवतीं जाफना प्रांतीं तमिळ हिंदूही जमत. १९७१ सालीं ते फिलाडेल्फियास गेले. १९८४ मध्यें तेथें त्यांच्या मंडळीनें मशीद उभारली. तेव्हां गुरु एकच, पण १९७१ ची मंडळी व १९८४ ची मंडळी एका वर्गांत बसविणें कठीण.

मार्क सेजविक ह्यांनीं २०१६ च्या ग्रंथांत पाश्चात्य सूफीमताचीं मुळें नवप्लेटोवादापर्यंत नेलीं आहेत. श्रोत्यांची जमीन अगोदरच नांगरलेली होती, हें त्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. मात्र बीं कोठलें, हें ठरविण्यास शजरे, इजाजतनामे व तारखेची पत्रेंच पाहिलीं पाहिजेत. मौलाबक्षांच्या घराण्याचे अथवा उपरिनिर्दिष्ट मदनी ह्यांच्या संबंधाचे कागद वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं नकला धाडाव्या. त्या येथें सानंद छापूं.