न्यूक्लिओसोम एकमेकांना कसे धरतात? संगणकीय सदृशीकरणाचा इतिहास

पाठ्यपुस्तकातले क्रोमॅटिनचे चित्र तुम्ही पाहिले असेल: मणी, मण्यांची माळ आणि ती गुंडाळून झालेला ३० नॅनोमीटर जाडीचा सुबक दोर. यातला मणी भक्कम पुराव्यावर उभा आहे. दोराचे तसे नाही.

हिस्टोन प्रथिनांच्या आठ रेणूंभोवती डीएनए गुंडाळलेला असतो, हे रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडले. हाच मणी, म्हणजे न्यूक्लिओसोम. दोन वर्षांनी फिंच आणि क्लूग यांनी माळेची सर्पिल गुंडाळी सुचवली. १९९७ मध्ये झुरिकला लुगर, रिचमंड व सहकाऱ्यांनी मण्याची स्फटिकरचना २.८ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली.

आता अडचण पाहा. डीएनए ऋणभारित, हिस्टोन धनभारित. पण हिस्टोनचा भार डीएनएला पुरा पडत नाही. म्हणजे मणी एकूण ऋणभारितच राहतो. मग दोन मण्यांनी एकमेकांना दूर लोटायला हवे. ते जवळ येतात कसे? संशय हिस्टोनांच्या धनभारित शेपट्यांवर होता. पण त्या इतक्या सैल असतात, की स्फटिकाच्या चित्रात बहुतेक दिसतच नाहीत. एच४ ची शेपटी तेवढी शेजारच्या मण्याच्या आम्लधर्मी भागाला टेकलेली आढळली.

हलत्या वस्तूसाठी सदृशीकरण हवे. मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी १९७७ मध्ये एका लहान प्रथिनाची हालचाल संगणकावर पाहिली होती, तीही जेमतेम नऊ पिकोसेकंद. भोवतालचे पाणी धरले तर एका न्यूक्लिओसोमचेच अणू लाखावर जातात. माळेची गोष्टच सोडा. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिअर्ड आणि तामार श्लिक यांनी सरळ अणूच वगळले: मणी म्हणजे पृष्ठभागावर काही शेकडो भार असलेला ताठ ठोकळा, मधला डीएनए लवचीक साखळी. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल हेच. मात्र शेपट्या अजून ताठच होत्या. २००६ मध्ये गौरव आर्य आणि श्लिक यांनी दर पाच अमिनो आम्लांमागे एक गोळी धरून त्यांना हलते केले, आणि प्रत्येकीचा वाटा मोजता आला. मण्यांना जवळ आणण्यात एच४ चा वाटा सर्वांत मोठा निघाला.

त्याच वर्षी परीक्षानळीतून दुजोरा मिळाला: एच४ वरील सोळाव्या लायसिनचे ॲसिटिलीकरण केले, म्हणजे त्याचा धनभार घालवला, की माळ घट्ट गुंडाळली जात नाही.

आणि तो सुबक दोर? २०१७ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी मानवी पेशींच्या केंद्रकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. दिसल्या त्या ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्या.