मागापासून मोबाईलपर्यंत: काम शिकण्याचा हक्क

मुंबईच्या कापड गिरण्यांत नवा कामगार अनुभवी कामगाराशेजारी उभा राहून काम शिकत असे. पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना उभेच राहू दिले जात नव्हते. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे, आणि त्याने म्हणे सवर्णांना विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

आज कामाचे प्रशिक्षण मोबाईलवर येते. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०२० मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीतही धडे ऑनलाइन दिले जातात. याचा फायदा आम्ही नाकारत नाही. व्हिडिओ जात विचारत नाही. न समजलेला धडा दहा वेळा पाहता येतो. प्रवासखर्च वाचतो.

पण धाग्याची गाठ नुसती पाहून हाताला येत नाही. यंत्राला हात कोणी लावायचा, हे आजही वरचा साहेबच ठरवतो. शिवाय ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या डेटावर धडे पूर्ण करायला लावले, तर ते बिनपगारी कामच झाले.

मित्रहो, नुसत्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नका. शिकणे कामाच्या वेळेत, पगारासह हवे. आणि त्यानंतर यंत्रावर प्रत्यक्ष सराव हवा, ही मागणी आपण प्रत्येक युनियनपुढे ठेवू या. बाबासाहेबांनी मागितलेली मागाजवळची जागा मोबाईलच्या पडद्यावर मिळत नाही. ती कामाच्या ठिकाणीच मिळवावी लागेल.

जय भीम!