तळ्याला कुलूप

रस्ता बंद करणे ही आपल्या परिचयाची गोष्ट आहे. पालखी यायची असली, मंत्र्यांची गाडी जायची असली किंवा नळाचे खोदकाम निघाले, की चौकात दोन पिंपे उभी राहतात, त्यांवर आडवा बांबू पडतो आणि एक पोलीस शिट्टी फुंकू लागतो. माणसे कुरकुरतात आणि गल्लीबोळातून वाट काढतात. तळे बंद करायचे म्हटले तर मात्र पंचाईत आहे. तळ्याला चौक नाही आणि बांबू टेकवायला पिंप नाही. शिवाय रस्त्यावरून गेलेली गाडी गेली की गेली. तिचा धुरळा दोन क्षणांत खाली बसतो. पाण्यावरून गेलेली नाव गेल्यावरही पुरती जात नाही. तिची लाट काठाला धडकते आणि परत फिरते. विहिरीत खडा टाकून वलये न्याहाळलेल्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असते. पण जगातल्या धाडसी आणि बुद्धिमान माणसांना हीच गोष्ट शिकण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली.

मी शाळेत इतिहास शिकवतो. तह आणि लढाया यांच्याइतकीच मला सूचनाफलकांची गोडी आहे. ‘येथे पोहू नये’, ‘येथे होडी नेऊ नये’ ही वाक्ये कोरडी दिसतात. पण त्यांच्या मागे जाऊ लागले, की बहुधा एखाद्या माणसाच्या मरणापाशी जाऊन थांबावे लागते. इंग्लंडच्या वायव्येला कॉनिस्टन वॉटर नावाचे एक तळे आहे. तिथे एरवी यंत्रनौकांना ताशी दहा मैलांची मर्यादा आहे. दरवर्षी नोव्हेंबरात मात्र काही दिवस ही मर्यादा शिथिल होते. वेगाचे विक्रम करू पाहणाऱ्या नौकांसाठी पाण्याचा एक पट्टा मोकळा ठेवला जातो आणि इतरांनी त्यात शिरायचे नसते. या कुलपाची किल्ली कशी घडली, ती हकीकत मला सांगायची आहे.

प्रथम तळ्याची ओळख करून घेऊ. कॉनिस्टन लांबीला पाच मैलांहून थोडे अधिक आणि रुंदीला जेमतेम अर्धा मैल. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला झाडी. याच पूर्वकाठावर ब्रँटवुड या घरात जॉन रस्किन 1872 पासून 1900 साली मरेपर्यंत राहिला. हा रस्किन आपल्याला परका नाही. त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ गांधीजींनी 1904 साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले आणि पुढे त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. आगगाडीच्या घाईलाही नाके मुरडणारा तो म्हातारा ज्या पाण्याकडे पाहत बसे, त्याच पाण्यावर पुढे जगातल्या सर्वांत वेगवान नावा धावल्या. दैवाला विनोदबुद्धी असते ती अशी!

आता किल्लीची गोष्ट. पहिला धडा कॉनिस्टनच्या शेजारच्या विंडरमिअर तळ्यावर मिळाला. सर हेन्री सेग्रेव्ह हा जमिनीवरच्या वेगाचा विक्रमवीर. 13 जून 1930 रोजी ‘मिस इंग्लंड दोन’ ही नौका घेऊन तो पाण्यात उतरला. दोन फेऱ्यांत त्याने ताशी 98.76 मैलांची सरासरी गाठली आणि विक्रम झाला. एवढ्यावर थांबला असता तर! पण तो तिसऱ्यांदा निघाला. भर वेगात नौका उलटली. बरोबरचा यंत्रज्ञ व्हिक्टर हॅलिवेल बुडाला. सेग्रेव्हला बाहेर काढले, तो शुद्धीवर आला, विक्रम झाल्याचे त्याला सांगण्यात आले आणि काही तासांतच त्याने प्राण सोडला. पाण्यात तरंगणाऱ्या एखाद्या ओंडक्यावर नौका आदळली असावी, असे पुढे मानले गेले. म्हणजे काय, तर माणसांना काठावर थोपवले तरी पाणी रिकामे झाले असे होत नाही. ओंडका कोणाची परवानगी घेऊन येत नाही.

दुसरा धडा स्कॉटलंडमधल्या नेस सरोवरावरचा. जॉन कॉब हा धंद्याने फरचा व्यापारी आणि स्वभावाने अबोल. जमिनीवर त्याने 1947 साली ताशी 394 मैलांचा वेग गाठला होता. 29 सप्टेंबर 1952 रोजी ‘क्रुसेडर’ ही जेट इंजिनाची नौका घेऊन तो मोजलेल्या मैलातून ताशी 206 मैलांहून अधिक वेगाने गेला. त्या मैलाला त्याला साडेसतरा सेकंदही लागले नाहीत. पण मैल संपताच नौका हेलकावली, तिचे तुकडे झाले आणि कॉब गेला. त्याची बायको काठावरून पाहत होती. परतीची फेरी झालीच नाही, म्हणून विक्रमही नोंदला गेला नाही. नौकेच्या बांधणीतच कमकुवतपणा होता असे काही जाणते म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण त्या वेळी तिच्या वाटेत काही लाटा आल्या होत्या, आणि त्या त्याच्याच ताफ्यातल्या एका मदतनौकेने उठवल्या होत्या असे सांगितले जाते. परक्या बोटवाल्याला दम देऊन दूर ठेवता येते. आपल्याच माणसाच्या लाटेला काय करायचे? आजही त्या सरोवराच्या काठी कॉबचे दगडी स्मारक आहे. ते तिथल्या गावकऱ्यांनी उभारले. ज्यांचे पाणी त्याने काही दिवस उसने घेतले होते, त्यांनीच त्याची आठवण ठेवली. मला ही गोष्ट विक्रमापेक्षा मोठी वाटते.

तिसऱ्या धड्यात कोणी मेले नाही, म्हणूनच तो लवकर विसरला गेला. डोनल्ड कॅम्पबेल या इंग्रजाने ‘ब्लूबर्ड’ या निळ्या जेट नौकेतून जुलै 1955 मध्ये अल्सवॉटर तळ्यावर ताशी 202.32 मैलांचा विक्रम केला आणि तो अमेरिकेत गेला. हूव्हर धरणामागे पसरलेल्या मीड जलाशयावर ऑक्टोबरात तो धावला. पाहायला लोक आले ते स्वतःच्या मोटारबोटी घेऊन. उत्साहाच्या भरात त्या इतक्या जवळ आल्या आणि त्यांनी पाणी इतके ढवळले, की ब्लूबर्डमध्ये पाणी शिरून ती बुडाली. ताशी दोनशे मैल धावणारी नौका प्रेक्षकांच्या कौतुकाने बुडावी! ती वर काढली, दुरुस्त केली आणि 16 नोव्हेंबरला त्याने तिथेच 216 मैलांचा नवा विक्रम केला.

एवढ्या लहान लाटांना एवढे का भ्यायचे, असे कोणी विचारील. या नौका पाणी कापत जात नाहीत. वेग आला की त्या पाण्यावर उचलल्या जातात. ब्लूबर्ड तर तिवईसारखी तीनच ठिकाणी पाण्याला टेकत असे, पुढे दोन आणि मागे एक. खालून वाऱ्याचा रेटा तिला उचलू पाहत असतो आणि तिचे वजन तिला खाली धरून ठेवते. हा तोल फार नाजूक असतो. नाक थोडे जास्त वर झाले की वारा पोटाखाली शिरतो आणि नाव पतंगासारखी उडते. आपल्या होडीला जी लाट गुदगुल्या करील, ती अशा नौकेला उंबरठ्यासारखी लागते.

आणि आता चौथा धडा, तो मात्र कॉनिस्टनचा. विक्रमाचा नियम असा, की उलटसुलट दिशांनी दोन फेऱ्या करायच्या, त्या एका तासाच्या आत करायच्या आणि दोहोंची सरासरी धरायची. कॅम्पबेल नोव्हेंबर 1966 पासून तळ्याकाठी ठाण मांडून बसला होता. स्वतःचाच 276 मैलांचा विक्रम मोडून त्याला 300 चा आकडा ओलांडायचा होता. कधी इंजिन रुसे, कधी हवा बिघडे. 4 जानेवारी 1967 ची सकाळ शांत उजाडली. पहिल्या फेरीत मोजलेला किलोमीटर त्याने ताशी 297.6 मैलांनी कापला, म्हणजे साडेसात सेकंदांत. आता दक्षिणेच्या टोकाला थांबायचे, इंधन भरून घ्यायचे आणि तेवढ्यात पाणी निवळू द्यायचे, हा शहाणपणाचा क्रम. घड्याळात तास पुरता शिल्लक होता. पण तो थांबला नाही. वळला आणि तसाच परत निघाला. या वेळी वेग तीनशेच्याही पुढे गेला. नौका थरथरली, नाक वर उचलले गेले, ती हवेत कोलांटी घेऊन पाण्यावर आपटली आणि बुडाली. कॅम्पबेलचे शरीर 2001 साली मिळाले; त्याच वर्षी कॉनिस्टन गावात त्याला मूठमाती मिळाली.

कारणांचा खल अजून चालतो. नौकेने आपली मर्यादा गाठली होती, इंजिनाचा जोर ऐन वेळी तुटला असावा, असे म्हणतात. पण त्या जोडीला एक कारण नेहमी सांगितले जाते: पहिल्या फेरीने उठवलेल्या त्याच्या स्वतःच्याच लाटा काठांना लागून परत येत होत्या. त्या सकाळी तळे रिकामे होते. परका बोटवाला नव्हता, हौशी प्रेक्षकांची गर्दी नव्हती. सगळ्यांना बाहेर ठेवले होते. फक्त आपणच मागे ठेवलेले पाणी आत राहिले होते.

माझ्या मते तळे बंद करण्याचा खरा अर्थ इथे कळतो. कुलूप इतरांना लावायचे असते असे आपल्याला वाटते. ते आधी स्वतःच्या घाईला लावावे लागते. आजच्या शर्यतींच्या व्यवस्थेत हा अर्थ थोडाफार उतरला आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात 1951 पासून वॉशिंग्टन सरोवरावर अशा शर्यती होतात. सरोवर सगळे बंद करीत नाहीत, ठरलेला भाग ठरलेल्या वेळेपुरता राखून ठेवतात. हद्द म्हणून लाकडाचे ओंडके एकमेकांना बांधून पाण्यावर लांब ओळ तरंगत ठेवतात आणि प्रेक्षकांच्या बोटी तिला बांधून घेतात. विंडरमिअरवर ज्या ओंडक्याने सेग्रेव्हचा घात केला असे मानतात, त्याचा भाऊबंद इथे राखणदार झाला आहे. तटरक्षक दलाचे लोक फिरते राहतात, आणि आसपासच्या बोटींनी मागे लाट उठणार नाही इतक्या हळू जायचे असते. हे शेवटचे कलम माझ्या सर्वांत आवडीचे. यात ‘येऊ नका’ असे नाही. ‘या, पण आपली लाट सांभाळा’ असे आहे.

आता न्यायाचा प्रश्न. तळे सर्वांचे. एका वेगवेड्या माणसासाठी कोळ्याने, वल्हेवाल्याने, काठावर शांत बसायला आलेल्याने आपले पाणी का सोडावे? हा प्रश्न इंग्लंडातही विचारला गेला. विंडरमिअरवर वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर 2000 साली वेगमर्यादेचा नियम मंजूर झाला आणि पाच वर्षांची मुदत देऊन 2005 पासून तो लागू झाला. त्यामुळे तिथे भरणारा विक्रमांचा आठवडा कॉनिस्टनवर आला. वर्षभर पाणी शांततेचे आणि वर्षातले काही दिवस वेगाचे, अशी ही वाटणी झाली. मला ती योग्य वाटते. सवलत कायमची झाली तर ती मक्तेदारी होते. मुदतीची असली तर तिला उसनवारी म्हणता येते, आणि उसने घेणारा माणूस वस्तू जपून वापरतो व वेळेवर परत करतो. ‘तात्पुरते’ हा शब्द सरकारी कागदात फार वेळा खोटा ठरलेला आपण पाहतो. कॉनिस्टनच्या काठी तो दरवर्षी खरा ठरतो, कारण आठवडा संपतो आणि दहा मैलांची मर्यादा परत येते.

ब्लूबर्ड 2001 साली तळ्यातून वर काढली. कित्येक वर्षे खपून तिची डागडुजी झाली. 2018 साली ती स्कॉटलंडच्या एका तळ्यावर पुन्हा धावली आणि 2024 साली कॉनिस्टनच्या वस्तुसंग्रहालयात येऊन विसावली. त्या संग्रहालयाला नाव आहे रस्किनचे. घाईचा तिरस्कार करणारा आणि घाईने मेलेला, दोघेही आता एका छपराखाली नांदतात. मुलांना मी सांगतो, की इतिहासात वेग कोणी गाठला हे जरूर लिहून ठेवा. पण त्याच ओळीत हेही लिहा, की त्या वेगासाठी काठावर किती जण आपल्या होड्या बांधून, वल्ही आडवी ठेवून, पाणी निवळण्याची वाट पाहत बसले होते.