लेडी ऑड्ली : एक नावडती नायिका

इंग्लंडांत १८६० च्या सुमारास खून, खोटीं नांवें आणि लपविलेले विवाह यांवर रचलेल्या कादंबऱ्यांची लाट उसळली. टीकाकार त्यांना ‘सेन्सेशन’ कादंबऱ्या म्हणत. रोगट भूक भागविणारें हें वाङ्मय आहे, असा हेन्री मॅन्सेल यानें १८६३ सालीं त्यांच्यावर ठपका ठेविला. मेरी एलिझाबेथ ब्रॅडन हिची ‘लेडी ऑड्लीज सीक्रेट’ ही १८६२ सालची कादंबरी त्यांतलीच. तिच्या प्रकाशकानें आपल्या बंगल्याचें नांवच ‘ऑड्ली लॉज’ ठेविलें, एवढा तिचा खप झाला.

कादंबरीची नायिका कोणासहि आवडण्याजोगी नाहीं. पोटचें मूल बापाकडे टाकून ती नांव बदलते, वृद्ध, धनाढ्य सर मायकेलशीं लग्न लावते आणि मग आपण मेल्याचा बनाव करते. पहिला नवरा समोर येतांच ती त्याला विहिरींत ढकलते. गुपित ओळखणारा रॉबर्ट ऑड्ली ज्या खाणावळींत निजला आहे तिला आग लावते. चेहरा मात्र बाहुलीसारखा निष्पाप!

तथापि दुसरी बाजू पाहिली पाहिजे. निजलेल्या बायकोजवळ चिठ्ठी ठेवून हा नवरा सोनें शोधण्यास ऑस्ट्रेलियांत गेला; साडेतीन वर्षें त्याची वार्ता नव्हती. १८५७ च्या कायद्यानें पुरुषास बायकोच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. बायकोस मात्र नवऱ्यानें टाकलें एवढें कारण पुरत नसे, त्याचा व्यभिचारहि सिद्ध करावा लागे. सात वर्षें बेपत्ता असलेल्या नवऱ्यास मृत समजून पुनर्विवाह केल्यास शिक्षा नव्हती. पण तोंवर तिनें खावें काय?

शेवटीं रॉबर्ट डॉक्टरास बोलावतो. डॉक्टर प्रथम स्पष्ट सांगतो कीं, तिच्या कृत्यांत वेडाचें लक्षण नाहीं. प्रत्येकामागें हिशेब आहे. मग तिला भेटून तो तिच्यांत सुप्त वेड आणि मोठा धोका असल्याचें ठरवितो. घराण्याची अब्रू वाचते, खटला टळतो आणि ती बेल्जममधील वेड्यांच्या इस्पितळांत मरेपर्यंत कोंडली जाते. आणि ज्याच्या खुनाचा तिच्यावर वहीम होता, तो नवरा जिवंतच निघतो!

विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्यें (१८६०) शहाण्या स्त्रीस वेड्यांत कोंडण्याचें काम खलपुरुष करतात. दोनच वर्षांनीं तेंच काम येथें नायकाच्या हातून होतें, आणि त्यास न्याय म्हटलें जातें. लेखिकेला हा शेवट मनापासून पटला होता काय? डॉक्टराचें पहिलें मत तिनें पुस्तकांत राहूं दिलें, हें विसरतां येत नाहीं. लेडी ऑड्लीस क्षमा करवत नाहीं. परंतु तिला कोंडणाऱ्यांच्या पंक्तीसहि बसवत नाहीं.